मागच्या आसनावरील साक्ष

गेल्या आश्विनांतील गोष्ट. यवतमाळहून नागपुराकडे निघालेली आमची मोटार सरळ व गुळगुळीत रस्त्यावर येतांच ताशीं ८० किलोमीटरांच्या पुढें थरथरूं लागे, आणि वेग ७० वर उतरला कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी शांत होई. हा प्रकार पंधरवडाभर चालला होता. त्या अवधींत माझ्या पत्नीनें ही तक्रार निदान चार वेळां केली असेल. मीं प्रत्येक वेळीं तिला एकच उत्तर दिलें : "रस्ता खराब आहे." चालविणारा मी, स्टिअरिंगचें चाक माझ्या हातांत, त्या चाकाला कंप नाहीं हें मला प्रत्यक्ष समजत होतें. ती नातवाला घेऊन मागें बसे. मागें बसणाऱ्याला जें नुसतें वाटतें, तें चालविणाऱ्याच्या प्रत्यक्ष ज्ञानापुढें काय टिकणार, असें मीं मनांत ठरवून टाकलें होतें. साक्षीदार कोठें उभा होता हें आधीं विचारा, असें इतिहासाच्या वर्गांत तीस वर्षें सांगत आलेल्या माणसाला हें ठरवितांना किंचितहि संकोच वाटला नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

गांवांतल्या एका कारखान्यांत मोटार दाखवून झाली होती. तेथें चाकांची दिशा जुळवून देण्यांत आली, पैसे घेण्यांत आले, आणि पुढचे दोन टायर बदलावे असा सल्लाहि मिळाला. कंप मात्र जसाचा तसा राहिला. त्या दिवशीं नातू घाबरून रडूं लागला, तेव्हां कळंब ओलांडल्यावर रस्त्याकडेच्या एका टायरच्या दुकानापाशीं मीं गाडी थांबविली. दुकानांत विशीबाविशीचा एक तरुण होता. गाडीला हात लावण्यापूर्वीं त्यानें प्रश्न विचारण्यास आरंभ केला.

"काका, कवा हालते गाडी? ब्रेक दाबल्यावर, का नुसती पयताना?"

"नुसती धांवतांना. ८० च्या पुढें."

"हातात येते का बुडाखाली?"

"हातांत येत नाहीं," मीं सांगितलें, आणि माझ्या मतें तेथेंच विषय संपला. पण तो तरुण माझ्याकडे पाठ करून मागच्या दाराशीं गेला. "काकू, तुम्हाले कुठं समजते?"

"पायांखालीं," ती म्हणाली, "आणि पाठीला. उजव्या अंगाला जास्त."

"मंग मांगचं चाक हाय. वावरात नेली होती का गाडी?"

नेली होती. पंधरा दिवसांपूर्वीं राळेगांवच्या बाजूस एका नातेवाइकाच्या शेतावर आम्ही ओल्या पांदणीनें गेलों होतों. तरुणानें मागचें उजवें चाक उतरविलें. त्याच्या आंतल्या अंगाला, जेथें उभ्या माणसाची दृष्टि कधीं जात नाहीं अशा ठिकाणीं, काळ्या मातीचा एक थर वाळून दगडासारखा झाला होता. तो त्यानें पहारीच्या टोंकानें खरवडून काढला, चाक धुतलें आणि पुन्हां चढविलें. नागपूर येईपर्यंत मोटार एकदांहि थरथरली नाहीं.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्या तरुणानें विचारलेल्या चार प्रश्नांचा मागोवा घेऊं लागलों तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, हे प्रश्न मनुष्यजातीला सहजासहजीं सुचलेले नाहींत. चाक हें पुरातन. पण 'चाक केव्हां थरथरतें' हा प्रश्न फार तर दोनशें वर्षांचा आहे. तो कसा उत्पन्न झाला हें पाहावयाचें, तर आपल्या याच जिल्ह्याच्या रस्त्यांवरून मागें जाण्यासारखी दुसरी सोय नाहीं.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाच्या हातून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें आठ वर्षांनीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्यें मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपुरास पोंचला. तो अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगांव यांवरून गेला. यवतमाळ एका बाजूस राहिलें. त्या काळीं या मुलखाला वणी जिल्हा म्हणत. यवतमाळ हें जिल्ह्याचें नांव १९०५ च्या पुनर्रचनेंत पडलें. येथील कापूस धामणगांवच्या स्टेशनापर्यंत २९ मैल पक्क्या सडकेनें न्यावा लागे, आणि तो नेण्याचें साधन म्हणजे बैलबंडी.

या बंडींत बसून ज्यानें प्रवास केला आहे त्याला कंप म्हणजे काय हें सांगावयास नको. कमानी नाहींत, रबर नाहीं. लाकडी आरे, लाकडी तुंबा, वरून लोखंडी धांव. रस्त्यांतला प्रत्येक खडा हाडांपर्यंत पोंचे. पण त्यामुळेंच एक गोष्ट घडे : कंप अखंड असल्यानें त्यापासून कांहींच बोध होत नसे. जेथें सर्वच बोलतात तेथें एकाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. म्हणून गाडीवान आपल्या बंडीची परीक्षा कंपावरून करीत नसे. ती तो कानानें आणि डोळ्यानें करी. वंगण संपलें कीं आंस कुरकुरे. उन्हाळ्यांत लांकूड वाळून आकसलें कीं धांव सैल होऊन वाजूं लागे; मग चाक नदीच्या पाण्यांत भिजत ठेवीत, किंवा लोहाराकडून धांव पुन्हां तापवून चढवीत. तापलेलें लोखंड प्रसरण पावतें, पाणी ओततांच आंवळतें, आणि सारे आरे एकमेकांस घट्ट धरतात. ही विद्या सुताराच्या व लोहाराच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या होती आणि ती पुरेशी होती. कारण बंडीचा वेग ताशीं दोन-तीन मैल. त्या वेगाला काळ्या मातीचा शेरभर गोळा चाकाला चिकटला तरी बैलांखेरीज कोणाला त्याचें ओझें नसे.

हें असें कां, याचें गणित अवघड नाहीं. चाकाच्या एका अंगाला वजन जास्त झालें म्हणजे फिरतांना तें वजन चाकाला बाहेर ओढतें. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट, दसपट झाला तर शंभरपट. आमच्या मोटारीच्या चाकाच्या आंत मध्यापासून १८ सेंटिमीटर अंतरावर १०० ग्रॅम माती चिकटली होती असें समजूं. ताशीं ९० किलोमीटर वेगानें तें चाक सेकंदाला सुमारें १३ वेळां फिरतें, आणि त्या १०० ग्रॅम मातीची ओढ सुमारें १२ किलो वजनाइतकी होते. एका सेकंदांत १३ वेळां तेवढा हिसका वर, तेवढाच खालीं. वेग ४५ वर आणला तर तीच ओढ तीन किलोंच्या जरा वर राहते. आणि तेंच चाक बंडीच्या चालीनें, ताशीं साडेचार किलोमीटरांनीं, फिरविलें तर ती तीन तोळेहि भरत नाहीं. माती तीच, चाक तेंच. पण बंडीच्या वेगाला जी मुकी होती, ती मोटारीच्या वेगाला ओरडूं लागली.

हें ओरडणें प्रथम ऐकूं आलें तें लोहमार्गावर. रुळांनीं रस्त्याचे खडे नाहींसे केले. मार्ग गुळगुळीत झाला. आणि मग इंजिनाचे स्वतःचे दोष उघडे पडले. वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या आणि दांडा पुढेंमागें होतांना सारें इंजिन हेलकावे खाई, आणि वेग वाढला कीं तें रुळांवर टिकेल कीं नाहीं याची धास्ती वाटे. ल शातलिए या फ्रेंच अभियंत्यानें १८४९ मध्यें धांवत्या इंजिनाच्या स्थैर्यावर ग्रंथ लिहून, चाकांना उलट बाजूस किती वजन जोडलें म्हणजे हा हेलकावा आवरतो याचा शास्त्रीय विचार मांडला. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकांत चंद्रकोरीसारखा एक भरीव भाग असे. अनेक वाचकांनीं तो लहानपणीं पाहिला असेल. तें हें प्रतिवजन. पुढें १८८३ मध्यें क्लिंगेल या जर्मन अभियंत्यानें दाखविलें कीं, रुळांवरील चाकें किंचित् निमुळतीं असल्यामुळें डबा सरळ न जातां नागमोडी लाटेंत जातो, आणि त्या लाटेची लांबी चाकाच्या आकारावरून काढतां येते. कंपाला कारण असतें, कारणाला माप असतें, हा विचार अशा रीतीनें जन्मास आला.

आपल्या यवतमाळला लोहमार्ग आला तो विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत, मूर्तिजापुराहून, अडीच फुटी रुळांचा. 'शकुंतला' या नांवानें ती गाडी प्रसिद्ध आहे. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थेखालीं तो मार्ग बांधला गेला, आणि मँचेस्टरहून आलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत त्यावर चाललें. आज त्या रुळांवर गाडी धांवत नाहीं. शकुंतलेची चाल संथ असे, आणि संथ चालीला मोठे प्रश्न पडत नाहींत. यवतमाळच्या माणसाला वेगाचा कंप रुळांवर भेटला नाहीं. तो भेटला डांबरी सडकेवर, मोटारींतून.

ती सडक तयार होण्यास फार काळ लागला, आणि त्याचें कारण पुन्हां तीच काळी माती. ही माती पाण्यानें फुगते, उन्हानें आकसते आणि भेगाळते. तिच्यावर घातलेला रस्ता पावसाळ्यांत वर उचलला जातो, उन्हाळ्यांत खचतो. मोटारी आल्या तेव्हां हिंदुस्थानांतील रस्ते त्यांचा भार सोसूं शकत नव्हते, आणि रस्त्यांचा खर्च कोणी करावयाचा हाहि वाद होता. त्याचा निर्णय करण्यासाठीं १९२७ मध्यें जी समिति नेमण्यांत आली तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव जयकर होते. मोटारींमुळें रस्ते झिजतात, तेव्हां मोटारींच्या पेट्रोलावर जादा कर बसवून तो रस्त्यांकडे लावावा, ही या समितीची मुख्य सूचना. तिच्यांतून १९२९ मध्यें रस्ते-निधि उभा राहिला. पुढें १९४३ च्या डिसेंबरांत देशांतील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली. राष्ट्रीय हमरस्ते, प्रांतिक हमरस्ते, जिल्ह्याचे रस्ते आणि खेड्यांचे रस्ते अशी वर्गवारी याच 'नागपूर योजने'नें घालून दिली. नागपुराहून हैदराबादेकडे जाणारा जो जुना मार्ग आपल्या जिल्ह्यांत वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशा गांवांवरून पैनगंगेपर्यंत जातो, तो स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला गेला. २०१० च्या फेरआंखणीनंतर तो क्रमांक ४४ झाला आहे. यवतमाळ-कळंबचा मार्ग आज क्रमांक ३६१ आहे. आणि ज्या धामणगांवला आपले पूर्वज कापसाच्या बंड्या घेऊन जात, त्याच तालुक्यांतून मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग जातो. ज्या वाटेवर पूर्वीं ताशीं दोन-तीन मैल ही चाल होती, तिच्या शेजारीं आतां ताशीं १०० किलोमीटरांच्या पुढची चाल आली आहे.

मोटारीच्या कंपाचा इतिहासहि सरळ रेषेंत गेलेला नाहीं. प्रत्येक सुखसोयीनें नवा कंप जन्मास घातला आहे. हवा भरलेल्या रबरी धांवेची कल्पना टॉमसन यानें १८४५ मध्यें नोंदविली होती. ती विस्मृतींत गेली आणि १८८८ मध्यें बेल्फास्ट येथील पशुवैद्य डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठीं ती पुन्हां शोधून काढली. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत कमी दाबाचे फुगीर टायर निघाले. प्रवाशांना ते फार मऊ वाटले. परंतु त्याच सुमारास पुढच्या चाकांना ब्रेकहि बसूं लागले होते, आणि या दोहोंच्या संगमांतून एक नवीन व्याधि उत्पन्न झाली. विशिष्ट वेगाला पुढचीं दोन्ही चाकें डावीउजवीकडे भयंकर फडफडूं लागत, आणि स्टिअरिंग हातांत राहत नसे. इंग्रजींत या फडफडण्याला 'शिमी' असें एका नाचाचें नांव मिळालें. ज्यांच्या हातून गाडी सुटे त्यांना मात्र त्यांत नाच दिसला नसेल.

या व्याधीवर आरंभीं जे उपाय झाले ते आमच्या गांवच्या कारखान्यासारखेच होते : जें हातीं लागेल तें आंवळा, जें दिसेल तें बदला. खरें निदान फ्रान्सांत ब्रूल्हिए, सांसो द लाव्हो इत्यादि अभियंत्यांनीं १९२५ च्या पुढें हळू हळू केलें. दोन्ही चाकें एकाच ताठ आंसाला जोडलेलीं असत. एक चाक खड्ड्यानें उचललें गेलें कीं आंस तिरपा होई आणि दोन्ही चाकें कलत. फिरत्या भोंवऱ्याला कलविण्याचा प्रयत्न केला तर तो कलण्याऐवजीं आडवा वळूं पाहतो. तसेंच हीं चाकें बाजूस वळत, तेथून परत फिरत, आंस पुन्हां तिरपा करीत, आणि हें चक्र आपलें आपणच चालूं राही. म्हणजे सुटा कोणताहि भाग दोषी नव्हता. दोष त्यांच्या परस्परसंबंधांत होता. म्हणूनच भाग बदलून तो जाईना. मॉरिस ऑली हा अभियंता रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेंत कॅडिलॅककडे गेला, आणि त्याच्या प्रयत्नांनीं १९३४ च्या गाड्यांत पुढचीं चाकें एकमेकांपासून स्वतंत्र टांगलीं गेलीं. आंसच नाहींसा झाल्यावर ती फडफडहि बहुतांशीं ओसरली.

या ऑलीच्या कामांतील एक गोष्ट मला विशेष मननीय वाटते. गाडीच्या पुढें आणि मागें वजनें सरकवितां येतील अशी एक परीक्षेची मोटार त्यानें तयार करविली. वजन इकडून तिकडे हलवावयाचें, गाडी चालवावयाची, आणि आंत बसलेल्यांना विचारावयाचें : आतां बरें वाटतें कीं वाईट? सुखाचें माप देणारें यंत्र तेव्हां हातीं नव्हतें. बसणाऱ्याचें शरीर हेंच यंत्र. आधुनिक मोटारीची बैठक जी आज आपल्याला सहज वाटते, तिच्या पायाशीं आसनावर बसलेल्या माणसांच्या अशा असंख्य साध्या साक्षी आहेत.

आतां कळंबच्या तरुणाचे प्रश्न पुन्हां पाहूं. 'कवा हालते' हा पहिला. झोक्याला त्याच्या लयींत एका बोटानें ढकललें तरी तो उंच जातो. भलत्या क्षणीं बळ लावलें तर उलट थांबतो. १८३१ मध्यें मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथें पावलांत पाऊल टाकून चाललेल्या शिपायांच्या तुकडीखालीं एक झुलता पूल कोसळला, तो याच नियमानें. चाक, कमान, आसन यांची प्रत्येकाची एक लय असते; चाकाच्या फेऱ्यांची लय तिच्याशीं जुळली कीं कंप वाढतो, आणि ती लय मागें पडली कीं पुष्कळदां कमीहि होतो. म्हणूनच कांहीं चालक कंप आला कीं वेग आणखी वाढवून त्यांतून पार होतात, आणि गाडी बरी झाली असें समजतात. गाडी बरी झालेली नसते. तिनें सांगणें तेवढें सोडलेलें असतें.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. कंप केवळ ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकची तबकडी सर्वत्र सारख्या जाडीची उरलेली नाहीं असा संशय घ्यावा. गाडीला जोर देतांना येत असेल आणि जोर काढतांच जात असेल, तर इंजिनाकडून चाकाकडे शक्ति नेणारे सांधे पाहावेत. वेग तोच ठेवून गिअर बदलून पाहावा : कंप तसाच राहिला तर तो चाकांचा, पालटला तर इंजिनाच्या बाजूचा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच गेला तर रस्त्याचा. काँक्रीटच्या रस्त्याला सामान्यतः साडेचार मीटरांवर सांधे असतात, आणि त्यांची ठकठक चाकाच्या दोषासारखी भासूं शकते. तिसरा प्रश्न जागेचा : पुढच्या चाकाचा दोष बहुधा हातांत येतो, मागच्याचा आसनांत आणि पायांखालीं. आणि चौथा इतिहासाचा : गाडी कोठें गेली होती, काय घडलें होतें? खड्ड्यांत आदळली असेल तर चाकाची कड वांकली असेल. टायर नुकताच बदलला असेल तर तोल साधावयाचा राहिला असेल. पांदणीनें गेली असेल तर माती असेल. चाकांची दिशा चुकली तर गाडी एका बाजूस ओढते आणि टायर तिरपे झिजतात. पण नुसत्या तेवढ्यानें ती थरथरत नाहीं. मीं पैसे दिले ते दुसऱ्याच रोगाच्या औषधाला.

दूरच्या प्रवासांत आणखी एक प्रश्न जोडावा : कंप आरंभीं येतो कीं तासाभरानें? रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर टेंकलेल्या जागीं किंचित् चपटतो. तो कंप कांहीं मैलांत आपोआप जातो. परंतु जो कंप टायर तापल्यावर सुरू होतो आणि वाढतच राहतो, त्याला क्षणभरहि दुर्लक्षूं नये. टायरच्या आंतील थर सुटूं लागले असतील, वर फुगवटा आला असेल, चाकाचे नट सैल झाले असतील, किंवा चाकाच्या मध्यावरील बेअरिंग झिजलें असेल. वैशाखांतल्या उन्हांत, लांब सरळ रस्त्यावर, भरल्या गाडीनिशीं याचा शेवट काय होतो हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. तेव्हां गाडी कडेला घेऊन उतरून पाहणें हाच शहाणपणा.

मिल्‌चें तर्कशास्त्र १८४३ मध्यें प्रसिद्ध झालें. आमच्या पिढीनें तें महाविद्यालयांत घोकलें : एक परिस्थिति बदलावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि कार्य पालटतें का तें पाहावें, कारण कमीजास्त झालें कीं कार्यहि कमीजास्त होतें का तें पाहावें. परीक्षेंत मीं त्यावर चांगले गुण मिळविले होते. तरीहि पंधरा दिवस मी चुकलों, आणि ज्यानें मिल्‌चें नांवहि ऐकलें नसेल तो पांच मिनिटांत बरोबर ठरला. माझी चूक तर्कांत नव्हती. तर्काला लागणारी सामग्री माझ्या पाठीमागें तीन फुटांवर बसली होती आणि ती मीं घेतली नाहीं. स्टिअरिंग हातांत असणें म्हणजे गाडीविषयीं सर्व कांहीं कळणें, असा माझा समज होता. ज्याच्या हातीं चाक असतें त्याला पुढच्या चाकाचेंच कळतें. मागचें चाक मागच्यांशीं बोलतें. हा न्याय मोटारीपुरता आहे कीं नाहीं याचा विचार वाचकांनीं करावा. ज्या जिल्ह्यानें कापूस पिकवून दूरदूरच्या गिरण्या चालविल्या, त्या जिल्ह्याच्या इतिहासकाराला तरी तो मोटारीपुरता वाटत नाहीं.

नागपुरांतील काम आटोपून दुसऱ्या दिवशीं आम्ही परत निघालों. मोटार तिनें चालविली; मी नातवाला घेऊन मागें बसलों. देवळीच्या पुढें मला पायांखालीं एक बारीक थरथर जाणवली. क्षणभर गप्प राहावेंसें वाटलें. मग मीं सांगितलें. "रस्ता खराब आहे," असें ती म्हणाली नाहीं. तिनें वेग थोडा उतरविला आणि विचारलें, "आतां?" मीं म्हटलें, तशीच आहे. तिनें वेग पुन्हां वाढविला : "आणि आतां?" तरीहि तशीच. अर्ध्या मैलावर रस्त्याचा तो तुकडा संपला, चाकांखालचा आवाज पालटला आणि थरथर नाहींशी झाली. या खेपेस तो खरोखरच रस्ता होता.